शिक्क्याची ‘पहिली ज्ञात तारीख’ कशी ठरवायची?

तुमचे प्रश्न दोन आहेत. तुमच्याकडच्या एका जुन्या पाकिटावर एकेरी वर्तुळाचा शिक्का आहे. दिवस आणि महिना स्वच्छ उमटलाय, वर्ष पुसट आहे आणि तुम्हाला ते ७१ वाटतंय. संदर्भसूचीत मात्र त्या शिक्क्याचा वापर १८७६ पासून दिलाय. तेव्हा तुमच्या पाकिटामुळे ती तारीख पाच वर्षं मागे जाते का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की त्या टपाल कचेरीच्या सगळ्या शिक्क्यांची यादी, वापराच्या आरंभ-अखेरीसह, तुम्ही करायला घेतली आहे. त्यात पुरावा म्हणून काय धरायचं? मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचा निकाल त्याच्यावर अवलंबून आहे.

सूचीत ‘१८७६ ते १८८९’ असं छापलेलं दिसलं की आपण नकळत तो शिक्क्याचा जन्म-मृत्यूचा दाखला समजतो. तो तसा नसतो. त्याचा अर्थ एवढाच की सूची तयार झाली तोवर कुणीतरी १८७६चा एक ठसा पाहिला होता आणि कुणीतरी १८८९चा. शिक्का त्याआधी सहा महिने टेबलावर असेल किंवा सहा वर्षं; त्याबद्दल सूची काहीच म्हणत नाही. म्हणून तीन तारखा मनात कायम वेगळ्या ठेवा: शिक्का घडवून कचेरीकडे रवाना झाला ती, कारकुनाने तो प्रत्यक्ष वापरायला घेतला ती, आणि आपल्या हाती आलेल्या कागदांपैकी सर्वांत जुन्या कागदावरची. पहिली तारीख सरकारी दप्तरात सापडू शकते. तिसरी आपल्याला ठाऊक असते. मधली, म्हणजे आपल्याला खरोखर हवी असलेली, बहुतेक वेळा या दोघींच्या मध्ये कुठेतरी असते आणि तिथेच राहते.

सरकारी दप्तर जिथे टिकलंय तिथे संशोधकाचं भाग्य उजळतं. ब्रिटिश टपाल खात्यात नवा शिक्का कचेरीकडे पाठवण्यापूर्वी त्याचा ठसा एका वहीत उमटवून ठेवायची पद्धत होती. त्या वह्या आज लंडनच्या पोस्टल म्युझियममध्ये आहेत आणि ठशांशेजारी तारखाही आहेत. अशी नोंद मिळाली की खालची हद्द पक्की झाली: त्या दिवसाआधी तो शिक्का वापरात असणं शक्य नाही. पण ती वापराची तारीख नव्हे, हे विसरू नका. शिक्का प्रवासाला निघायचा, दूरच्या वसाहतीत पोहोचायला आठवडे किंवा महिने लागायचे, आणि जुना शिक्का अजून चालतोय म्हणून नवा कपाटात पडूनही राहायचा. वहीतली तारीख उचलून ‘वापर सुरू’ या रकान्यात टाकलेली मी अनेक याद्यांत पाहिली आहे. पुढे तीच चूक एका सूचीतून दुसरीत उतरत जाते आणि तीस वर्षांनी कुणालाच मूळ आठवत नाही.

अखेरची तारीख तर त्याहून निसरडी. शिक्का निवृत्त झाला म्हणजे वितळवला गेला असं नाही. तो पार्सलांच्या टेबलावर जातो, पावत्यांवर मारला जातो, आणि चालू शिक्का दुरुस्तीला गेला की काही दिवसांसाठी पुन्हा पत्रांवर येतो. त्यामुळे दहा वर्षं गायब असलेला शिक्का अचानक एखाद्या महिन्यात डोकं वर काढतो. अशा उशिराच्या ठशाने आधीची तारीख खोडून टाकू नका. ‘नियमित वापर अमुक सालापर्यंत, त्यानंतर तुरळक’ असं लिहिलंत की वाचणाऱ्याला खरी परिस्थिती कळते.

आणखी एक गोष्ट, जी याद्यांमध्ये फारच क्वचित दिसते आणि माझ्या मते सर्वांत मोलाची आहे: किती ठसे पाहिले त्याची संख्या. समजा एका शिक्क्याचे चाळीस दिनांकित ठसे तुम्ही नोंदवलेत आणि ते १८७६ ते १८८९ या काळात बऱ्यापैकी सारखे पसरलेत. मग १८७६च्या फार मागे वापर गेला असण्याची शक्यता कमी, कारण गेला असता तर चाळिसांपैकी एखादा तरी तिथे सापडायला हवा होता. पण ठसे तीनच असतील, तर ‘१८७६ ते १८८९’ या शब्दांना जवळजवळ काहीच वजन नाही. छापील सूचीत दोन्ही नोंदी हुबेहूब सारख्या दिसतात. म्हणून प्रत्येक नोंदीसमोर ‘पाहिलेले ठसे’ हा आकडा ठेवाच.

आता वर्ष वाचण्याकडे येऊ. मुळात शिक्क्यावर वर्ष असायलाच हवं ही आपली अपेक्षा आजची आहे. इंग्लंडचा पोस्टमास्टर जनरल हेन्री बिशप याने १६६१ मध्ये तारखेचा शिक्का आणला तेव्हा त्या छोट्या वर्तुळात फक्त महिन्याची दोन अक्षरं आणि दिवस होता. पत्र वाटेत रखडलं तर ते कुणाकडे रखडलं हे कळावं, एवढाच त्याचा हेतू. त्यासाठी वर्ष लागत नाही. ही वृत्ती फार काळ टिकली. अमेरिकेतल्या गावांच्या शिक्क्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुधा वर्ष नसायचं. आणि १८४०च्या पेनी ब्लॅकवर, म्हणजे जगातल्या पहिल्या टपाल तिकिटावर, ते रद्द करण्यासाठी मारलेल्या माल्टीज क्रॉस या क्रुसाच्या आकाराच्या शिक्क्यात तर तारीखच नाही. ती पाकिटाच्या दुसऱ्या शिक्क्यात, बहुतेक वेळा मागच्या बाजूला असते. तिकीट पाकिटावरून सोडवलं की ती गेली ती गेलीच. उरतो तो फक्त शाईचा रंग: सुरुवातीला लाल, आणि १८४१च्या आरंभापासून काळा. लंडनच्या १८४३-४४ मधल्या क्रॉसच्या मध्यभागी १ ते १२ आकडे येतात, तेवढी आणखी एक मदत.

मग वर्ष आणायचं कुठून? अख्ख्या पाकिटातून. आतल्या पत्रावरचा मथळा, पत्र मिळालेल्या माणसाने कडेला केलेली ‘मिळाले, उत्तर दिले’ ही टिपण, तिकीट कधी निघालं ते, दर किती आकारला ते, जहाज कोणतं ते, आणि वार. पत्रात ‘बुधवार, ६ मे’ असं लिहिलेलं असेल आणि शिक्क्यावर फक्त ६ मे असेल, तर १८४० चालेल. १८३९ आणि १८४१ चालणार नाहीत. वारावरून वर्षं पटापट गाळता येतात, आणि त्याला पंचांगाखेरीज काही लागत नाही.

दराचा पुरावा वाराइतका सोपा नसला तरी अनेकदा त्याहून बळकट असतो, मात्र तो पूर्ण वाचावा लागतो. अमेरिकेचंच उदाहरण घ्या. १ जुलै १८४५ पासून तीनशे मैलांपर्यंतच्या साध्या पत्राला ५ सेंट, त्यापुढे १० सेंट. १ जुलै १८५१ पासून तीन हजार मैलांपर्यंत ३ सेंट. आता वर्ष नसलेल्या पाकिटावर ‘५’ असा हाताने मारलेला आकडा आहे. पाहताक्षणी कुणीही म्हणेल, १८४५ ते १८५१. पण १८५१च्या त्याच कायद्यात ३ सेंटचा दर पैसे आधी भरले तरच होता. न भरलेल्या पत्राला ५ सेंट पडायचे, आणि पैसे आधी भरणं सक्तीचं झालं ते १ एप्रिल १८५५ला. म्हणजे नुसता ‘५’ असेल तर तो १८५५च्या वसंतापर्यंत खेचता येतो, आणि ‘पेड ५’ (म्हणजे पैसे आधी भरलेले) असेल तर तशी वाट उरत नाही. एका छोट्या शब्दाने चार वर्षांचा फरक पडतो. दराचे तक्ते वापरताना फक्त आकड्यांचे रकाने पाहू नका, तळटिपाही वाचा.

दरामुळे तारीख किती घट्ट पकडता येते याचं टोकाचं उदाहरण म्हणजे १९२३चा नोव्हेंबर, जर्मनी. चलनवाढ अशी भडकली होती की देशांतर्गत साध्या बाहेरगावच्या पत्राचा दर १ नोव्हेंबरला १० कोटी मार्क, ५ला १ अब्ज, १२ला १० अब्ज, २०ला २० अब्ज, २६ला ८० अब्ज आणि १ डिसेंबरला १०० अब्ज असा चढत गेला. शिवाय २६ ते ३० नोव्हेंबर या पाच दिवसांत तिकिटं छापील किमतीच्या चौपटीने धरली जात. म्हणजे पाकिटावर छापील २० अब्जांची तिकिटं आहेत आणि शिक्का २८ नोव्हेंबरचा आहे, तर दर बरोबर भरला आहे. तो हिशोब न कळणाऱ्याला ते पाकीट चुकीचं वाटेल. उलट तेच पाकीट १५ नोव्हेंबरच्या शिक्क्याचं असेल तर दुप्पट वजनाचं पत्र होतं का, की नुसतंच जास्त तिकिटं लावली, की शिक्काच खोटा, असे प्रश्न उभे राहतात. या काळातली बरीच तिकिटं कोरी स्वस्त आणि वापरलेली महाग, त्यामुळे मागाहून शिक्के मारण्याचा उद्योग फार मोठा झाला. तिथे तज्ज्ञाच्या तपासणीशिवाय कुठलीही तारीख यादीत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

पंचांगाचा उल्लेख केलाच आहे, तर त्यातले खड्डेही सांगतो. इंग्लंडमध्ये १७५१पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे १० फेब्रुवारी १७२० अशी तारीख घातलेलं पत्र आपल्या हिशोबाने १७२१चं असतं, आणि बिशप शिक्क्यावर वर्ष नसल्याने तो गुंता सोडवायला शिक्का मदत करत नाही. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतरचा दिवस थेट १४ सप्टेंबर झाला. मधल्या अकरा तारखांचा इंग्लिश शिक्का कुणी दाखवला तर पुढे बोलायलाच नको. रशियात जुनं पंचांग १९१८च्या जानेवारीअखेरपर्यंत चाललं. म्हणून १८९० मध्ये पॅरिसहून २० मार्चला निघालेलं पत्र पीटर्सबर्गला ११ मार्चला पोहोचलेलं दिसतं. ते उलटं धावलं नाही. रशियन ११ मार्च म्हणजे आपला २३ मार्च. एकोणिसाव्या शतकात हा फरक बारा दिवसांचा होता आणि विसाव्यात तेरा, कारण १९०० हे वर्ष जुन्या पंचांगात लीप होतं आणि नव्यात नव्हतं. २९ फेब्रुवारी १९०० हा शिक्का पॅरिसमध्ये अशक्य, मॉस्कोत अगदी रास्त!

जपानी शिक्क्यांवर सम्राटाच्या कालखंडाचं वर्ष असतं. शोवा (सम्राट हिरोहितोचा कालखंड) वर्षात १९२५ मिळवले की आपलं साल मिळतं, पण शोवा १ फक्त २५ ते ३१ डिसेंबर १९२६ एवढंच होतं. थायलंडात नवं वर्ष आधी १ एप्रिलला सुरू व्हायचं आणि १९४१ पासून १ जानेवारीला. त्यामुळे बुद्ध संवत २४८३ नऊच महिन्यांचं झालं, आणि त्याआधीच्या काळात जानेवारी ते मार्चमधल्या तारखेतून ५४३ वजा केले तर एक वर्ष चुकतं. तिथे ५४२ वजा करायचे. इटलीत फॅसिस्ट राजवटीत तारखेपुढे राजवटीच्या वर्षाचा रोमन आकडा यायचा, आणि तो ऑक्टोबरच्या अखेरीस बदलायचा. १ ऑक्टोबर १९३६ म्हणजे चौदावं वर्ष, १ नोव्हेंबर १९३६ म्हणजे पंधरावं. हा दुहेरी हिशोब खोटा शिक्का पकडायला फार उपयोगी पडतो, कारण घाईत काम करणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही.

आकड्यांच्या शिक्क्यांबद्दल थोडक्यात. ब्रिटिश पद्धतीत गावाच्या नावाऐवजी क्रमांक असायचा: ए२५ माल्टा, ए२६ जिब्राल्टर, बी०१ अलेक्झांड्रिया, सी५१ सेंट थॉमस. भारतीय टपालात १२४ म्हणजे एडन. कचेरी बंद झाली की तिचा क्रमांक दुसरीकडे दिला जायचा, म्हणून क्रमांक जुळला एवढ्यावर गाव ठरवू नका. तारीख आणि क्रमांक दोन्ही जुळले पाहिजेत. गावांच्या नावांचंही तेच. नॉर्वेतल्या क्रिस्तियानियाचं ओस्लो १ जानेवारी १९२५ला झालं, पण नाव बदललं त्या दिवशी प्रत्येक टेबलावरचा शिक्का बदलला असं कुठेही गृहीत धरायचं नसतं. जुन्या नावाचे उशिराचे ठसे हा एक स्वतंत्र आणि सुंदर अभ्यास आहे.

आता भिंग हातात घ्या. पुसट आकडा वाचण्याची माझी पद्धत सांगतो. पाकीट सपाट ठेवून, शेजारी पट्टी ठेवून, किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करा. काळा शिक्का लाल तिकिटावर पडला असेल तर चित्राचा फक्त लाल चॅनेल पाहा. तिकिटाचा रंग फिका होऊन मागे जातो आणि शाई पुढे येते. मग त्याच शिक्क्याचा, वर्ष निर्विवाद वाचता येणारा एक ठसा मिळवा आणि दोन्ही चित्रं एकाच मापात एकमेकांवर ठेवा. वर्तुळ आणि गावाची अक्षरं तंतोतंत बसली, तरच तो तोच शिक्का. अर्धा मिलिमीटरचा फरक आला, किंवा पहिल्या अक्षराचं तारखेच्या ओळीशी असलेलं अंतर वेगळं निघालं, तर तुमच्यासमोर त्याच नमुन्याचा दुसरा शिक्का आहे. मोठ्या कचेऱ्यांत एकाच नमुन्याचे दोन-तीन शिक्के एकाच वेळी चालायचे, आणि सूचीत ते एकाच चित्राखाली कोंबलेले असतात.

यानंतर आकडा. शिक्क्यांवरच्या इंग्रजी आकड्यांत १ आणि ७ (1 आणि 7) यांतला घोळ जगभर आहे. पाहायचं ते असं: त्याच ठशात दुसरीकडे १ आहे का, दिवसात किंवा वेळेत? असेल तर त्याच्या पायाला आडवी रेघ आहे का, डोक्याला चोच आहे का? वर्षाच्या आकड्यात वर उजवीकडून डावीकडे जाणारी शाई चोचीपेक्षा लांब आहे का? ७चा पाय बहुतेक वेळा तिरपा उतरतो आणि तळाशी जागेच्या मध्याच्या थोडा डावीकडे टेकतो. १ सरळ मध्यावर उभा असतो. वरचा भाग उमटलाच नसेल तर खालच्या टोकाची जागा मोजूनही निर्णय घेता येतो. ३, ५ आणि ८ यांच्या पोटात शाई भरली की तिघेही एकसारखे दिसतात. तिथे आकड्याची डावी कड उघडी आहे की बंद, तेवढंच पाहायचं.

याहून आनंददायी पद्धत म्हणजे शिक्क्याच्या झिजेवरून तारीख काढणं. धातूचा शिक्का दिवसाकाठी शेकडो वेळा आपटला जातो. वर्तुळाची कड कुठेतरी दबते, मग तुटते, मग तुटलेली फट रुंदावते. दिनांकित ठसे ओळीने मांडलेत की दिसतं: अमुक सालापर्यंत कड अखंड, मग चार वाजताच्या जागी बारीक खाच, दोन-तीन वर्षांनी ती खाच अक्षराच्या टोकाला भिडते. आता वर्ष नसलेला ठसा घेऊन तो या ओळीत कुठे बसतो ते पाहायचं. धातू तुटलेला परत जुळत नाही, त्यामुळे या पुराव्याची दिशा एकच असते. सावध एवढ्यासाठीच राहायचं की कमी शाई किंवा कागदाखालची घडीही खाचेसारखी दिसते. तीच खाच, त्याच जागी, वेगवेगळ्या तारखांच्या निदान तीन-चार ठशांत दिसल्याशिवाय तिच्यावर काही उभारू नका.

आणि आकडा अगदी स्वच्छ वाचता आला तरी तो खरा असेलच असं नाही. कारकून माणूस होता. जानेवारीच्या पहिल्या दिवसांत मागच्या वर्षाचा आकडा तसाच राहिलेले शिक्के सगळ्या देशांत सापडतात. ६ उलटा बसवला की ९ होतो. महिना बदलला पण दिवस राहिला, असंही होतं. म्हणून पोहोचेच्या कचेरीचा शिक्का, आणि असलाच तर वाटेतल्या कचेरीचा शिक्का, यांना मी मुख्य शिक्क्याइतकंच मानतो. दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या कारकुनाने त्याच पत्रावर तीच चूक करणं फार दुर्मीळ. तीन शिक्के एका क्रमाने आणि प्रवासाच्या रास्त वेळेत बसले, की वर्ष सिद्ध झालं असं समजायला हरकत नाही. समुद्रापारच्या पत्रांना वर्तमानपत्रांतल्या जहाजांच्या सुटण्या-पोहोचण्याच्या बातम्याही जोडून पाहा. त्या रुक्ष रकान्यांनी जेवढे वाद मिटवलेत तेवढे थोर थोर तज्ज्ञांनीही मिटवले नसतील.

बनावटीचा विषय मोठा आहे. इथे तारखेपुरतं बोलतो. जिनिव्हाचा फूर्निए खोट्या तिकिटांवर खोटे शिक्के मारून रीतसर दरपत्रक काढून विकायचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये ‘मादाम जोसेफ’ या नावाने ओळखला जाणारा बनावट शिक्क्यांचा प्रचंड संच होता, तो मुख्यतः ब्रिटिश साम्राज्यातल्या कचेऱ्यांचा. अशा शिक्क्यांत तारखेचे आकडे सहसा बदलता येत नाहीत. त्यामुळे तुमच्या यादीत एकाच कचेरीची एकच तारीख वेगवेगळ्या सुट्या तिकिटांवर पुन्हा पुन्हा येऊ लागली, तर थांबा. ज्याँ द स्पेराती याची रीत याच्या उलट आणि जास्त धोकादायक: स्वस्त खऱ्या तिकिटावरची छपाई रसायनाने घालवायची, खरा शिक्का तसाच ठेवायचा आणि वर महागड्या तिकिटाचं चित्र छापायचं. तिथे शिक्का खरा, तारीखही खरी, पण ती त्या तिकिटाची नव्हे. म्हणून सुट्या तिकिटावरच्या तारखेने ना तिकिटाची, ना शिक्क्याची पहिली तारीख ठरवावी. सुटं तिकीट दुय्यम पुरावा, अख्खं पाकीट प्रथम पुरावा, हा भेद मी कधीच सोडत नाही.

तुमच्या यादीत प्रत्येक तारखेसोबत एवढं असू द्या: वस्तू कोणती (पाकीट, पोस्टकार्ड, तुकडा की सुटं तिकीट), वर्ष ठशात दिसतं की इतर पुराव्यावरून काढलंय, तुम्ही मूळ वस्तू पाहिली की स्कॅन, की छापील चित्र, की फक्त कुणाचं सांगणं, आणि वस्तू कुठे दिसली, म्हणजे लिलावाची तारीख आणि लॉट क्रमांक वगैरे. फक्त सांगण्यावरून आलेली तारीख टाकून देऊ नका, पण वेगळ्या खुणेने ठेवा. एखादी जुनी तारीख खोटी ठरली तर तीही पुसू नका. ‘अमुक कारणाने अमान्य’ असं लिहून ठेवा. नाहीतर पाच वर्षांनी कुणीतरी तीच तारीख नव्या शोधाच्या उत्साहात पुन्हा घेऊन येईल आणि सगळा वाद पहिल्यापासून घालावा लागेल.

आता तुमचं पाकीट. सूचीतल्या तारखा ७६ पासून सुरू होतात आणि तुमचा आकडा ७१ किंवा ७७ वाचता येतो. ७७ धरला तर तो रांगेत सहज बसतो. ७१ धरला तर मध्ये पाच वर्षांची शांतता पडते. त्या कचेरीची १८७१ ते १८७५ मधली पाकिटं भरपूर उपलब्ध असतील आणि सगळ्यांवर आधीचाच शिक्का असेल, तर ती शांतता तुमच्याविरुद्ध बोलते. त्या वर्षांची पाकिटंच कुणी पाहिली नसतील, तर ती शांतता काहीच बोलत नाही. म्हणून आधी त्या पाच वर्षांत कोणता शिक्का चालू होता ते शोधा. मग तिकीट पाहा. ते कोणत्या साली निघालं, आणि त्याच्या रंगछटेची किंवा जलचिन्हाची (कागदातल्या वॉटरमार्कची) छपाई १८७१ नंतरची तर नाही ना? दर दोन्ही वर्षांत सारखा होता का? १ जुलै १८७५पासून अनेक देशांत परदेशी पत्रांचे दर आंतरराष्ट्रीय टपाल कराराने बदलले. तुमचं पाकीट परदेशी गेलेलं असेल तर एवढ्या एका मुद्द्यावर निकाल लागू शकतो. आत पत्र असेल तर वार आहे का बघा. १८७१ आणि १८७७ मध्ये एकाच तारखेचा वार सारखा येत नाही.

हे सगळं करूनही ७१च टिकलं, तर वर्तुळाचं माप घ्या. सूचीतल्या शिक्क्यापेक्षा किंचित वेगळा, आजवर न नोंदलेला आधीचा शिक्का असणं, हे त्याच शिक्क्याने पाच वर्षं आधी काम केल्यापेक्षा मला जास्त संभवनीय वाटतं, आणि तो शोध तारीख मागे नेण्याहून मोठा ठरेल. तोवर यादीत ‘१८७१ किंवा १८७७, वाचन अनिश्चित, अख्खं पाकीट, मूळ पाहिले’ अशी नोंद करा. पाकीट धुऊ नका, आकडा स्पष्ट व्हावा म्हणून त्यावर काही लावू नका, आणि तिकिटाचा कोपरा उचलून खाली पाहायचा मोह टाळा. दोन्ही बाजूंचे स्कॅन, पट्टीसकट, पाठवा. मागच्या बाजूला पोहोचेचा शिक्का असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. नुसता अर्धा ठसा असला तरी मी आधी तोच पाहीन.